सेवेतील दुखापतीतून आलेले नैराश्य : अमेरिकी माजी सैनिकांनी दावा कसा मांडावा

अमेरिकी सैन्यात असताना झालेली गुडघ्याची किंवा पाठीची दुखापत सेवेशी निगडित असल्याचे व्हेटरन्स अफेअर्स खात्याने, म्हणजे व्हीएने, मान्य केले असेल आणि त्या दुखण्यामुळे पुढे नैराश्य आले असेल, तर त्यासाठीही दुय्यम विकार म्हणून भरपाई मागता येते. नैराश्य सेवेतच सुरू झाले होते, हे सिद्ध करावे लागत नाही. ते आधीपासून असून दुखण्याने बळावले असले तरी दावा करता येतो. मात्र बळावण्यापूर्वीची स्थिती दाखवणाऱ्या वैद्यकीय नोंदी लागतात.

प्रथम ‘इंटेंट टू फाइल’, म्हणजे दावा करण्याचा इरादा, व्हीएकडे नोंदवावा. वर्षभरात २१-५२६ईझेड हा अर्ज दाखल केल्यास मंजूर भरपाई सहसा त्या नोंदीच्या तारखेपासून मिळते.

दाव्याचा खरा भार नेक्सस लेटरवर, म्हणजे दुखापत आणि नैराश्य यांचा संबंध सांगणाऱ्या डॉक्टरांच्या पत्रावर, असतो. ‘रुग्णाला पाठदुखी आहे आणि नैराश्यही आहे’ एवढेच लिहिलेले पत्र माझ्या मते जवळजवळ निरुपयोगी आहे. निदान कोणते, कोणत्या नोंदी तपासल्या, वेदनेमुळे झोप कशी मोडली, काम कसे सुटले आणि त्यातून नैराश्य येण्याची शक्यता किमान ५० टक्के का वाटते, हे डॉक्टरांनी कारणांसह लिहायला हवे. त्याला जोडून पती-पत्नीने किंवा जुन्या सहकाऱ्याने २१-१०२१० या फॉर्मवर डोळ्यांनी पाहिलेले लिहावे : ‘मुलाच्या प्रत्येक सामन्याला जाणारे हे आता दिवसभर पडदे ओढून खोलीत बसतात, जेवायला हाक मारली तरी येत नाहीत.’

व्हीएच्या तपासणीत ‘ठीक चालले आहे’ म्हणण्याची सैनिकी सवय फार नुकसान करते. वाढवून सांगू नये, पण वाईट दिवस लपवूही नयेत. कारण ०, १०, ३०, ५०, ७० किंवा १०० टक्के हे अपंगत्वाचे मूल्यांकन मुख्यतः काम आणि नातेसंबंध किती बिघडले यावरून ठरते. आत्महत्येचे विचार येत असतील तर दाव्याच्या निकालाची वाट न पाहता ९८८ ही संकटकालीन हेल्पलाइन लावून १ दाबावे.

टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. नैराश्याचे ५० टक्के असतील, तर पाठीचे ४० टक्के उरलेल्या ५० वर मोजतात, म्हणून एकूण ७० होतात.

दावा फेटाळला गेल्यास निर्णयपत्रातील कारण नीट वाचावे. नवा पुरावा असल्यास पूरक दावा करावा, आहे त्याच पुराव्याचे वाचन चुकले असल्यास वरिष्ठ फेरतपासणी मागावी, किंवा अपील मंडळाकडे जावे. भरपाई सुरू होण्याची मूळ तारीख टिकवण्यासाठी हे वर्षभरात करावे. मान्यताप्राप्त माजी सैनिक संघटनांचे प्रतिनिधी यासाठी विनामूल्य मदत करतात.