मंदीत नोकरी गेली तर: आधी कागद, मग पैसा, मग नवे काम

चाकण, रांजणगाव, वाळूज किंवा बुटीबोरीच्या कारखान्यांवर मंदी येते तेव्हा आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग कंत्राटी कामगारांचे गेटपास थांबतात आणि त्यानंतर कपातीची कुऱ्हाड कायम कामगारांवर येते. 2019 मध्ये वाहनांची विक्री घसरली तेव्हा पुणे परिसरातील सुट्या भागांच्या छोट्या कारखान्यांनी हे अनुभवले आहे. अशा वेळी मन सैरभैर होते आणि समोर येईल त्या कागदावर सही करून मोकळे व्हावेसे वाटते. नेमके तेच टाळावे, कारण नंतरचे बहुतेक नुकसान त्या सहीपासून सुरू होते.

एचआरच्या खोलीत बहुधा एकच वाक्य ऐकू येते: ‘रेकॉर्ड चांगले राहील, राजीनामा लिहून द्या.’ हा सल्ला आपुलकीने दिलेला असला तरी तो महागात पडतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करायची असल्यास कारण नमूद केलेली किमान एक महिन्याची लेखी नोटीस किंवा त्याऐवजी तितका पगार द्यावा लागतो आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. राजीनामा दिला की ही कपात ठरत नाही आणि भरपाईचा हक्क हातचा जातो. म्हणून ‘कपातीचे पत्र द्या, मी ते स्वीकारतो’ असे शांतपणे सांगावे आणि विचार करायला दोन दिवस मागावेत. अंतिम हिशेबाच्या पावतीवर ‘माझे काहीही येणे बाकी नाही’ असा मजकूर असेल आणि रक्कम कमी वाटत असेल, तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने ‘हक्क राखून स्वीकारले’ असे लिहावे, तारीख घालावी आणि मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढून ठेवावा. वाद मिटला नाही तर कामगार आयुक्त कार्यालयातील समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, मात्र त्याला मुदत असते, त्यामुळे चालढकल करू नये. व्यवस्थापकीय पदावर असणाऱ्यांना आणि महिना 18,000 रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणाऱ्या पर्यवेक्षकांना हे संरक्षण मिळत नाही. त्यांनी नेमणूकपत्रातील नोटीसकाळाची अट काढून वाचावी.

नोकरी सोडण्यापूर्वी अनुभवाचा दाखला, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि पगारातून कापलेल्या आयकराचा दाखला मागून घ्यावेत, कारण कंपनीचा ईमेल बंद झाल्यावर हे कागद मिळवताना चपला झिजतात. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावर सेवा संपल्याची तारीख नोंदली गेली आहे का, आधार आणि बँक खाते जोडलेले आहे का, हेही त्याच आठवड्यात पाहावे. ग्रॅच्युइटीचा हिशेब स्वतः करून ठेवावा: शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून महिना 26,000 रुपये आणि सेवा आठ वर्षे असेल, तर 26,000 ला 26 ने (महिन्याचे कामाचे दिवस) भागून 15 ने (वर्षामागे 15 दिवसांचे वेतन) व 8 ने गुणल्यास 1,20,000 रुपये येतात. कायम कामगाराला साधारणपणे पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर हा हक्क मिळतो आणि रक्कम देय झाल्यापासून 30 दिवसांत ती द्यावी लागते.

ज्यांच्या पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) वर्गणी कापली जात होती, त्यांनी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी ईएसआयच्या शाखा कार्यालयात अवश्य करावी. पात्र ठरल्यास सरासरी दैनिक कमाईच्या निम्म्या दराने जास्तीत जास्त 90 दिवस मदत मिळते, तीही आयुष्यात एकदाच. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, त्यामुळे त्या वेळची स्थिती तेथेच विचारून घ्यावी. कंपनीचा समूह आरोग्य विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो; घरात आजारी माणूस असेल तर तीच पॉलिसी वैयक्तिक स्वरूपात चालू ठेवता येईल का, हे शेवटच्या दिवसाआधी विमा कंपनीला विचारावे.

घरी मात्र पहिल्याच दिवशी सांगावे. रोज डबा घेऊन बाहेर पडण्याचे नाटक माणसाला आतून खचवते आणि खर्च आवरण्याचा मोलाचा काळ वाया घालवते. गृहकर्जाचा हप्ता चुकण्याआधी बँकेच्या शाखेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी करण्याबाबत बोलावे. हप्ता थकल्यानंतर हेच बोलणे फार अवघड होते. निर्वाह निधीला मात्र शक्यतो हात लावू नये, कारण तो म्हातारपणाचा आधार आहे.

काम शोधताना माझे ठाम मत असे की, संकेतस्थळांवर अर्ज टाकत बसण्यापेक्षा तुमचे काम ज्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे, त्यांना आधी फोन करावा: माल पुरवणारे विक्रेते, ग्राहक कंपनीचे तपासनीस, जुने शिफ्टप्रमुख. ‘कुठे काही असेल तर सांगा’ असे मोघम बोलू नये. ‘मी सीएनसी टर्निंगचे सेटिंग स्वतः करतो, कोणतीही शिफ्ट चालेल, सोमवारपासून येऊ शकतो’ असे सांगितल्यास समोरच्याला तुम्हाला कुठे बसवता येईल हे लगेच सुचते. नोकरीच्या अर्जातही ‘उत्पादन विभागाचा अनुभव’ लिहिण्याऐवजी कोणते यंत्र, कोणता नियंत्रक, किती मायक्रॉनची अचूकता हे लिहावे. राज्याचे महास्वयम् आणि केंद्राचे नॅशनल करिअर सर्व्हिस या दोन्ही संकेतस्थळांवर नोंदणी विनामूल्य होते, तीही करून ठेवावी. नोकरी लावण्यासाठी आगाऊ ‘डिपॉझिट’ किंवा ‘प्रशिक्षण शुल्क’ मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. मंदीत अशा लोकांचे फावते.

नवी गाडी घेणे लोक पुढे ढकलतात, पण जुनी गाडी चालवावीच लागते, त्यामुळे दुरुस्ती, सुटे भाग आणि सर्व्हिसिंगची कामे तुलनेने टिकतात. फिटर, इलेक्ट्रिशियन किंवा मेंटेनन्सच्या माणसाने रुग्णालये, शीतगृहे, लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपन्या आणि औषधनिर्मितीचे कारखाने यांच्याकडे वळून पाहावे. पगार थोडा कमी असला तरी हातातले कौशल्य चालू राहणारे काम घ्यावे. कौशल्याशी संबंध नसलेले काम नाइलाजाने घ्यावे लागले, तर रविवारी वेल्डिंग, पीएलसी (यंत्रांचे स्वयंचलित नियंत्रण) असे काहीतरी शिकत राहावे.

नवे काम मिळाल्यावर निर्वाह निधीचा जुनाच यूएएन नंबर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक) द्यावा, म्हणजे आधीची सेवा नव्या खात्याला जोडता येते. जुन्या कंपनीकडे आपला पत्ता व मोबाइल क्रमांकही लेखी देऊन ठेवावा, कारण कपातीनंतर वर्षभरात तेथे पुन्हा भरती निघाली, तर कपात झालेल्या कामगाराला इतरांच्या आधी संधी द्यावी लागते.