शॉकवाली टॉर्च पर्समध्ये ठेवताय? या चुका टाळा

मी ठाण्यात मुलींना आणि बायकांना स्वसंरक्षण शिकवते. नवी बॅच सुरू झाली की कोणीतरी पर्समधून विजेचा शॉक देणारी काळी टॉर्च काढते आणि बटण दाबते. कडकड आवाज होतो, बाकीच्या मागे सरकतात. बहुतेक वेळा ती वडिलांनी किंवा नवऱ्याने ऑनलाइन मागवून दिलेली असते. नवी मुंबईतल्या ऐरोली-महापेच्या ऑफिसांतून रात्री उशिरा सुटणाऱ्या मुलींच्या घरच्यांचा जीव टांगणीला लागतो, हे मला कळतं. पण ती वस्तू देताना कोणी चार गोष्टी सांगत नाही, याचा मला राग येतो.

बटण दाबलं की माणूस पडेल, असं धरून चालणं

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. व्हिडिओत गडी कोसळताना दिसतो ते पोलिसांचं टेझर. त्यातून तारेला जोडलेल्या दोन अणकुच्या सुटतात, अंगात एकमेकींपासून लांब रुततात आणि मधले स्नायू आखडतात. आपल्या टॉर्चच्या तोंडाशी शॉक देणारे दोन खिळे असतात, ते जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर असतात. त्याने तेवढ्या जागेवर जोरात कळ येते, बाकी शरीर मोकळंच राहतं. तीही दोन-चार सेकंद दाबून धरलं तर. दारू प्यायलेला किंवा पिसाळलेला माणूस ती कळ सोसून पुढे येतो. मध्ये जाड जीन्स किंवा रेनकोट असला तर कळ पोचेलच याचा भरवसा नाही.

खोक्यावर लाखो व्होल्ट लिहिलेले असतात, त्यावर जाऊ नका. कोरड्या हवेत साधारण ३०,००० व्होल्टला एक सेंटिमीटरची ठिणगी उडते. खिळ्यांमध्ये दोन-तीन सेंटिमीटर अंतर असेल तर लाखाच्या आतच ठिणगी पडून जाते. पोलिसांच्या ‘एक्स २६’ या जुन्या टेझरचे ५०,००० व्होल्ट सांगितले जायचे, पण अंगात त्यातले सुमारे १,२००च पोचायचे.

यावर माझा उपाय साधा आहे. टॉर्च बाजूला ठेवायची आणि हातात स्केचपेन घ्यायचं. मी जुना टी-शर्ट घालून समोरून चालत येते, माझ्या अंगावर पेन तीन सेकंद टेकवून ठेवायचं, एवढंच काम. शेवटी शर्टावर सुटे ठिपके आणि तुटक्या रेघा दिसतात, कारण तोवर मी मनगट पकडलेलं असतं. ज्यांना पहिल्याच दिवशी खरं यंत्र चालवायची घाई असते, त्यांना मी आधी हा शर्ट दाखवते. मनगट सोडवता येत नाही तोवर टॉर्चला हात लावू देत नाही. टॉर्चला मनगटाचा पट्टा असेल तर तो घालाच. काही टॉर्चमध्ये त्या पट्ट्याला पिन असते. कोणी हिसकावली की पिन निघते आणि यंत्र बंद पडतं. पट्टा घडी घालून खोक्यात ठेवणारे मला समजतच नाहीत.

‘एकच सेकंद’ म्हणून एकमेकांवर लावून बघणं

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत वर्ग होता. वर्ग सुटल्यावर दोन मैत्रिणी जिन्यात थांबल्या. एकीने दुसरीच्या दंडाला टॉर्च लावली. शॉक क्षणाचाच होता, पण ती मुलगी दचकून मागे गेली आणि पायरी चुकली. कठड्यावर हनुवटी आपटली, टाके घालावे लागले. दंडावर दोन लाल ठिपके होते, ते काही दिवसांत गेले. खरा घात पडण्याने केला. टेझरच्या बाबतीतही मोठा धोका हाच असतो. स्नायू आखडलेला माणूस हात पुढे करून स्वतःला सावरू शकत नाही, डोकं थेट जमिनीवर आपटतं. म्हणून जिना, फलाटाची कड आणि चालत्या लोकलचं दार, या तीन ठिकाणी शॉकचा विचारसुद्धा नको.

हृदयविकार, पेसमेकर, फिट्स, गरोदरपण यांतलं काहीही असेल तर गंमत जिवावर बेतू शकते, आणि समोरच्याला यांतलं काय आहे हे आपल्याला माहीत नसतं. कॅनडातल्या व्हँकुव्हर विमानतळावर २००७ साली पोलिसांनी पुन्हा पुन्हा टेझर चालवल्यावर रॉबर्ट जेकान्स्की हा प्रवासी तिथेच मरण पावला. २००९ साली टेझरच्या कंपनीनेच छातीवर नेम धरू नका असं सांगितलं. तेव्हा छाती, मान, डोळे सोडून द्या. मांडी बरी.

बाकीच्या चुका

पेपर स्प्रे मारून वर शॉक: काही स्प्रेमध्ये अल्कोहोल असतं, ठिणगीने पेट घेतं. हाताला ओलं सॅनिटायझर, पेट्रोल पंप, गॅसचा वास, इथेही तेच.

पावसात भिजलेली टॉर्च: स्वस्त कव्हरवरून करंट आपल्याच तळहाताला बसू शकतो. आधी पूर्ण वाळवा.

चार्ज करून वर्षभर विसरणं: मी महिन्यातून एकदा तपासते. चार्जिंगला लावून बटण दाबू नका, आणि घरी उघडून दुरुस्ती तर नकोच, आतल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये करंट उरलेला असतो.

लहान मुलांच्या हाती लागेल अशी पर्स सोफ्यावर टाकणं.

विमानतळावर सोबत नेणं: हँडबॅगेत चालत नाही, चेक-इन सामानातही टाकू नका.

समोरचा थांबल्यावरही दाबत राहणं

भारतीय न्याय संहितेचं कलम ३५ स्वसंरक्षणाचा हक्क देतं, पण कलम ३७ नुसार बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. पकड सुटली की टॉर्च मागे घ्या आणि उजेडाकडे, माणसांकडे पळा. सुरक्षित जागी पोचल्यावर ११२ला फोन करा. तो माणूस पडून असेल तर तेही सांगा, १०८ची ॲम्ब्युलन्स मागा आणि शॉक कुठे, किती वेळ दिला हे डॉक्टरांपासून लपवू नका.