चढावर गाडी उचलताना फुटपाथचं अंतर कसं सांभाळायचं

चढावर गाडी उचलताना नवीन माणसाचं अर्धं लक्ष क्लचवर आणि अर्धं डावीकडच्या फुटपाथवर असतं, आणि मग दोन्ही बिघडतं. माझं तर स्पष्ट म्हणणं आहे की अंतराचं काम गाडी थांबायच्या आधीच संपलं पाहिजे, उचलताना डावीकडे बघायची वेळच येऊ नये.

त्यासाठी आधी सपाट रस्ता. रविवारी सकाळी लवकर एखाद्या शांत गल्लीत फुटपाथला समांतर गाडी लावा आणि शेजारी बसलेल्याला (लर्निंग लायसन्सवर पक्कं लायसन्सवाला शेजारी लागतोच) दार हळू उघडून बघायला सांगा, पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांपाशी साधारण एक फूट जागा हवी, म्हणजे मोठ्या माणसाचा बूट आडवा मावेल एवढी. जमलं की हलू नका. नेहमीसारखे टेकून बसा आणि बघा फुटपाथची कड तुम्हाला बॉनेटवर कुठे येऊन मिळताना दिसते, बऱ्याच छोट्या गाड्यांत ती मधोमध नाहीतर जराशी डावीकडे येते पण तुमची उंची आणि सीट वेगळी त्यामुळे दुसऱ्याची खूण उसनी घेऊ नका, त्या जागी काचेवर खालच्या बाजूला चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून टाका. डावा आरसा थोडा खाली करून मागचं चाक आणि कड एकत्र दिसतात का तेही बघून ठेवा, फक्त हा आरसा फुगीर असतो म्हणून त्यात सगळं आहे त्यापेक्षा लहान आणि लांब दिसतं.

आता चढ. खूप जणांना वाटतं की चढावर ही खूण बदलते, तसं नाही, चढ एकसारखा असेल तर रस्ता जेवढा कलतो तेवढीच गाडी कलते. बदलता ते तुम्ही, बॉनेटपुढचं दिसावं म्हणून मान लांब करून पुढे वाकता आणि खूण चुकते. पाठ सीटला टेकलेलीच ठेवा. जिथे चढ नुकताच सुरू होतो किंवा संपतो तिथे मात्र खुणेवर विसंबू नका, आरसा बघा.

थांबलात की हँडब्रेक ओढा आणि स्टिअरिंग सरळ आहे ना बघा, हे फार महत्त्वाचं आहे, कारण उजवीकडे वळलेलं असताना गाडी मागे आली तर पुढचं डावं चाक फुटपाथला घासतं आणि डावीकडे वळलेलं असेल तर मागचं. मग पहिला गिअर, जरा रेस, क्लच हळूहळू वर, इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित वर उचलतं, तिथे पाय धरून ठेवा, उजवा आरसा आणि खांद्यावरून एक नजर, हँडब्रेक खाली. गाडी पुढे सरकली की मगच हळू उजवीकडे घ्या. मागे न येता चढावर गाडी उचलणं केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 च्या टेस्टमध्येही आहे.

मुंबईत पाली हिल किंवा रिज रोडसारख्या चढांवर दिवसा लगेच जाऊ नका, तिथे मागे रिक्षा नाहीतर टॅक्सी अगदी बंपरला चिकटून उभी राहते. आणि पावसाळ्यात कडेला पाणी साचून फुटपाथची कडच दिसत नाही, तेव्हा सरळ एक फूट जास्त सोडा. गाडी बंद पडली तर मागचा कितीही हॉर्न मारो, आधी ब्रेक आणि हँडब्रेक, मग न्यूट्रल, मग चावी.