रंग-रसायनांच्या कामात मूत्राशय कसं सांभाळायचं

मूत्रपिंडं रक्तातली घातक रसायनं गाळून लघवीत सोडतात आणि ती लघवी मूत्राशयात काही तास साठते. तेवढा वेळ आतल्या अस्तराला ती रसायनं लागत राहतात. वर्षानुवर्षं हे चाललं की मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. १८९५ साली फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या शल्यविशारदाने फुक्सिन रंग बनवणाऱ्या कामगारांत हा आजार नोंदवला. पुढे त्यामागची मुख्य रसायनं सापडली ती ॲरोमॅटिक अमाइन्स गटातली. यातलीच काही विडी-सिगारेटच्या धुरातही असतात. म्हणून धूम्रपान हे या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण आहे. ओढणाऱ्याला धोका साधारण तिप्पट असतो आणि रंगखात्यात काम करून वर विडी ओढणाऱ्याला दोन्हीकडून मार बसतो.

कामाची सुरुवात कागदापासून करा. प्रत्येक रसायनाची सुरक्षा माहितीपत्रिका (एसडीएस) सुपरवायझरकडे मागा. भाग ३ मध्ये घटक आणि सीएएस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) असतात. ९२-८७-५ (बेंझिडीन), ९१-५९-८ (बीटा-नॅफ्थिलअमाइन), ९२-६७-१ (४-अमिनोबायफेनिल), ९५-५३-४ (ऑर्थो-टोल्युइडीन) यांपैकी काही दिसलं, किंवा भाग २ मध्ये एच३५० हा संकेत असला, तर ते कर्करोगकारक समजा. कोणते हातमोजे आणि मास्क वापरायचे ते भाग ८ मध्ये दिलेलं असतं. रबर कारखाने आणि रंगारीकाम यांतही हा धोका सिद्ध झालेला आहे.

मास्क लावला की झालं, असं बरेच जण समजतात. पण ही अमाइन्स कातडीतूनही शरीरात शिरतात. सुती हातमोजे रंग शोषून घेतात आणि तो हाताला चिकटवून ठेवतात, म्हणजे नसल्यापेक्षा वाईट. पत्रिकेत सांगितलेलेच हातमोजे घाला आणि फाटले, आतून ओले झाले की लगेच बदला. हाताचे डाग थिनर किंवा रॉकेलने काढू नका. त्याने कातडीवरचा तेलकट थर जातो आणि रसायन आत शिरायला वाट मिळते. साबण आणि भरपूर पाणी पुरे. राहिलेला डाग चार दिवसांत जाईल. रंगलेल्या हातांनी तंबाखू मळणं, विडी पेटवणं, डबा उघडणं कटाक्षाने टाळा.

पावडर उंचावरून ओतू नका, पिशवीचं तोंड भांड्याच्या तळाजवळ नेऊन सावकाश सोडा. सांडलेली पावडर ओल्या फडक्याने टिपा. झाडू किंवा हवेचा पाइप मारला की ती सगळ्यांच्या नाकात जाते. रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही. एन९५ धुळीला चालतो, वाफांना मात्र कार्ट्रिजचाच (वाफ शोषणारी डबी लावलेला) मास्क लागतो आणि दाढी असेल तर तो नीट बसत नाही. सुटी झाली की कंपनीतच अंघोळ करून कपडे बदला. ते घरी न्यावेच लागले तर बंद पिशवीतून न्या आणि वेगळे धुवा.

संपर्कानंतर आजार दिसायला १५ ते ४० वर्षं लागू शकतात, तोवर माणूस निवृत्त झालेला असतो. म्हणून कोणत्या खात्यात, कोणत्या साली, कोणती रसायनं हाताळली हे एका वहीत लिहून ठेवा आणि दर वेळी डॉक्टरांना आपणहून सांगा.

विडी-सिगारेट सोडायला १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर मोफत सल्ला मिळतो. सोडल्यावर धोका वर्षागणिक उतरतो, पण कधीच न ओढणाऱ्याइतका व्हायला फार काळ लागतो. कॉफीने मूत्राशयाचा कर्करोग होत असावा हा ठपका मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ साली मागे घेतला.

सर्वांत घात होतो तो लाल लघवी अंगावर काढण्याने. या कर्करोगात रक्त बहुधा न दुखता जातं आणि आपोआप थांबतंही. उन्हाळी लागली म्हणून धने-जिऱ्याचं पाणी घेतलं जातं आणि महिने निघून जातात. एकदाच रक्त दिसलं तरी लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करा. सोनोग्राफी स्वच्छ आली तरी लहान गाठ त्यात सुटू शकते, म्हणून युरोलॉजिस्टने दुर्बिणीची तपासणी सांगितली तर टाळू नका. बायकांना बऱ्याचदा संसर्ग समजून पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक दिलं जातं. अशा वेळी लघवीचं कल्चर करायला सांगा. त्यात जंतू नाहीत आणि रक्त आहे, तर पुढचा कोर्स न घेता थेट युरोलॉजिस्टकडे जा.