एमएस असताना फॅमिली डॉक्टरांकडे जाताना

एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार असला की न्यूरोलॉजिस्टची भेट काही महिन्यांतून एकदा होते. मधलं सगळं दुखणंखुपणं इंदूरच्या रामबाग किंवा लोकमान्य नगरातल्या आपल्या फॅमिली डॉक्टरांकडेच जातं. त्यांच्या पाहण्यात एमएसचे पेशंट फार थोडे आलेले असतात आणि बाहेर रांग लागलेली असते. म्हणून तयारी घरूनच करून निघा.

आधी एक कागद करा. आजाराचं नाव, निदानाचं वर्ष, न्यूरोलॉजिस्टचा फोन, चालू औषधं डोससकट. सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन असेल तर ते सांगायचं हमखास राहून जातं. शेवटची तारीख लिहा. एमआरआयचा शेवटचा रिपोर्ट पुरे.

त्याखाली आजची तक्रार. ‘पाय त्रास देतोय’ असं मोघम नको. असं लिहा: ‘सोमवारपासून उजवा पाय जड, जिना चढताना कठडा धरावा लागतो. रात्री चारदा लघवी, जळजळ. ताप १००.’

या नोंदीतली शेवटची दोन वाक्यं सर्वांत महत्त्वाची. एमएसमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खराब झालेलं असतं, आणि अंग तापलं की अशा नसांतून संदेश नीट जात नाहीत. त्यामुळे लघवीच्या इन्फेक्शनने, तापाने किंवा इंदूरच्या मे महिन्यातल्या चाळिशीपार उन्हानेही जुनी लक्षणं उसळतात. तो एमएसचा नवा अटॅक नसतो. ताप उतरला, अंग थंड झालं की बहुधा ती ओसरतात. खऱ्या अटॅकमध्ये त्रास २४ तासांहून जास्त टिकतो आणि त्यामागे ताप किंवा इन्फेक्शन नसतं. म्हणून अटॅकवर देतात त्या स्टेरॉईडचा विषय निघण्याआधी ‘डॉक्टरसाहेब, लघवी तपासून घेऊ या का?’ असं विचाराच. अँटिबायोटिक लागणार असेल तर कल्चरचा, म्हणजे जंतू ओळखण्याच्या तपासणीचा, लघवीचा नमुना गोळी सुरू होण्याआधी द्या. आणि पुन्हा पुन्हा जावं लागतं म्हणून पाणी पिणं तोडू नका, त्याने इन्फेक्शनलाच वाव मिळतो.

थकवा आला की सगळं खापर एमएसवर फोडण्याची सवय लागते. हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२ तपासायला सांगा. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नेहमीचंच, आणि त्यानेही हातापायांना मुंग्या येतात.

मन उदास असेल, झोप उडाली असेल तर तेही सांगा. एमएसमध्ये नैराश्य बऱ्याच जणांना येतं आणि त्यावर इलाज आहे. आई-बाबांसमोर बोलवत नसेल तर त्यांना दोन मिनिटं बाहेर बसायला सांगायला संकोचू नका.

लस घेण्याआधी आपलं औषध दाखवा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना कांजिण्यांसारख्या जिवंत लशी सहसा देत नाहीत. फ्लूचं इंजेक्शन मात्र जिवंत लशीचं नसतं. एमएसचं औषध कुणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नका. फिंगोलिमोड अचानक थांबवल्यावर आजार जोरात उलटू शकतो.

एका डोळ्याने अचानक अंधूक दिसू लागलं, डोळा फिरवताना दुखलं, तर त्याच दिवशी न्यूरोलॉजिस्टला फोन करा. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एक बाजू एकाएकी लुळी पडली तर तो एमएसच असेल असं धरून बसू नका, लकवा असू शकतो. थेट हॉस्पिटल गाठा.

उठण्यापूर्वी एकच विचारा: किती दिवसांत बरं वाटलं नाही तर परत यायचं? उत्तर त्याच कागदावर लिहून घ्या.