पहिल्यांदाच ॲबसिंथ पिताय? या चुका टाळा

ॲबसिंथ ही बडीशेपेच्या वासाची, वनस्पती घालून गाळलेली कडक दारू. तिच्याबद्दल आपल्याकडे दोनच गोष्टी कानावर आलेल्या असतात: ती हिरवी असते आणि ती प्यायल्यावर भास होतात. पहिली गोष्ट अर्धवट खरी आहे, कारण स्वित्झर्लंडमधली कितीतरी ॲबसिंथ पाण्यासारखी रंगहीन असते. दुसरी साफ खोटी आहे, आणि पहिल्या ग्लासातल्या बहुतेक चुका तिच्यामुळेच होतात. काहीतरी अद्भुत घडेल या आशेने लोक ती पाणी न घालताच मारतात, घशाची आग होते आणि ‘छे, असली कसली ही दारू’ म्हणून विषय संपतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्यांनी ॲबसिंथ चाखलेलीच नसते.

पाण्याशिवाय पिऊ नका

बाटलीतली ॲबसिंथ साधारण ४५ ते ७४ टक्के अल्कोहोलची असते. ६८ टक्क्यांची ३० मिली घेतलीत तर पोटात सुमारे २० मिली शुद्ध अल्कोहोल जातं. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या तेवढ्याच पेगमध्ये ते १३ मिलीच्या आसपास असतं. म्हणजे ‘एक स्मॉल’ म्हणून घेतलेला पेग प्रत्यक्षात दीड पेगाहून मोठा असतो. त्यात १२० मिली पाणी घातलं की सगळं मिळून साधारण वाइनइतकंच कडक, सुमारे साडेतेरा टक्क्यांचं पेय होतं. ॲबसिंथ प्यायची ती अशी. तीन ते पाच पट पाणी ही जुनी रीत आहे. पाणी मिसळलं तरी पोटात जाणारं अल्कोहोल तेवढंच राहतं, म्हणून पहिल्या दिवशी एका ग्लासावर थांबा, फार तर दोन. आणि जेवून प्या.

पाणी भसकन ओतू नका

पाणी बर्फासारखं थंड हवं आणि ते थेंबाथेंबाने किंवा अगदी बारीक धारेने पडायला हवं. बडीशेप आणि ॲनीस (बडीशेपेसारख्याच वासाचं बी) यांच्या तेलातला ॲनेथॉल हा घटक अल्कोहोलमध्ये विरघळतो, पाण्यात नाही. पाणी वाढत गेलं की तो सूक्ष्म थेंबांच्या रूपात बाहेर पडतो आणि पारदर्शक द्रव दुधाळ होतो. आधी तेलकट रेषा तरंगताना दिसतात, मग तळापासून धुकं चढतं आणि त्याबरोबर वास उलगडतो: आधी बडीशेप, मागून ओल्या पाल्याचा. मुख्य वनस्पती आर्टेमिसिया ॲबसिंथियम ही आपल्या दवण्याच्याच कुळातली आहे. जोतिबाला वाहिलेला दवणा ज्याने हुंगला आहे, त्याला हा हिरवट, किंचित कडू गंध अगदीच परका वाटणार नाही.

सावकाश ओतण्याचा खरा फायदा म्हणजे हवं तिथे थांबता येतं. तिप्पट पाणी झालं की एक घोट घ्या, कडक वाटलं तर आणखी घाला. ग्लासावर जाळीदार चमचा ठेवून त्यातल्या साखरेच्या खड्यावरून पाणी सोडायची रीत आहे, पण चमचा आणि खडा नसला तरी काही अडत नाही. चांगल्या ॲबसिंथला साखर लागतेच असं नाही, रंगहीन स्विस ॲबसिंथला तर सहसा नाहीच.

आग लावू नका

साखरेचा खडा ॲबसिंथमध्ये बुडवून पेटवायचा प्रकार प्राचीन विधी म्हणून दाखवला जातो. प्रत्यक्षात तो १९९०च्या दशकात चेक प्रजासत्ताकातल्या बारमधून पसरला. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये ही रीत नव्हती. जळकी साखर सुगंध मारून टाकते, आणि अल्कोहोलची निळसर ज्योत उजेडात नीट दिसतही नाही. जळता थेंब ग्लासात पडला तर सगळा ग्लास पेटतो.

भासांची वाट पाहू नका

या बदनामीला इतिहास आहे. ऑगस्ट १९०५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या कोम्युनी गावात जाँ लांफ्रे या मजुराने आपल्या गरोदर बायकोचा आणि दोन मुलींचा खून केला. त्या दिवशी त्याने भरपूर वाइन आणि ब्रँडी ढोसली होती; ॲबसिंथचे ग्लास होते दोन. दोष मात्र ॲबसिंथवर आला. १९०८ मध्ये स्विस मतदारांनी बंदीचा कौल दिला, १९१० पासून ती लागू झाली, आणि १९१५ मध्ये फ्रान्सनेही बंदी घातली. जिथे हे पेय जन्मलं त्या स्वित्झर्लंडमधल्या व्हाल-द-त्राव्हेर खोऱ्यात लोक ती चोरून गाळतच राहिले. २००५ मध्ये स्विस बंदी उठली. मोतिए गावात जिथे चोरून गाळणाऱ्यांवर खटले चालत, त्याच इमारतीत आज ॲबसिंथचं संग्रहालय आहे.

आर्टेमिसिया ॲबसिंथियममधल्या ज्या थुजोन या घटकावर भासांचं खापर फोडलं गेलं, ते बंदीपूर्वीच्या बाटल्यांमध्ये किती होतं हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत मोजलं गेलं. प्रमाण भास होण्याइतकं नव्हतंच. आज युरोपियन युनियनमध्ये किलोला ३५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. तेव्हा लेबलवर ‘थुजोन जास्त’ असं मिरवणारी बाटली घेऊच नका.

घरी बनवायला जाऊ नका

वोडकात पाला भिजवला की ॲबसिंथ होत नाही. खऱ्या पद्धतीत वनस्पती भिजवून मग द्रव ऊर्ध्वपातित करतात, आणि पाल्यातला जहरी कडूपणा भांड्यातच मागे राहतो. नुसतं भिजवल्यास तो सगळा ग्लासात उतरतो. आर्टेमिसिया ॲबसिंथियमचं तेल विकत आणून पिणं तर जिवावर बेतणारं आहे: अमेरिकेत इंटरनेटवरून मागवलेलं असं तेल प्यायल्याने एका माणसाची मूत्रपिंडं निकामी झाल्याची नोंद १९९७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती. फिट येणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ॲबसिंथपासून लांबच राहावं.

काहीतरी बिघडलं तर

दुधाळ होत नाही? बाटलीत ॲनीस कमी आहे. चेक धाटणीच्या कित्येक बाटल्या अशाच असतात. फार कडू लागते? बहुधा नुसता पाला भिजवून केलेली आहे, जास्त साखर घालून ती सुधारणार नाही. पाणी जास्त पडलं तर चमचाभर ॲबसिंथ घालून सावरता येतं. तिखट चखणा घेतलात तर जिभेला दुसरं काही कळणार नाही, त्यापेक्षा साधे बदाम बरे.

बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत ॲनेथॉलचे पांढरे स्फटिक तळाशी जमतात. जमलेच तर बाटली खोलीच्या तापमानाला आणून हलक्या हाताने फिरवा, ते पुन्हा विरघळतात. उजेडातही ठेवू नका, कारण अस्सल हिरवा रंग पानांच्या हरितद्रव्याचा असतो आणि तो उतरून पिवळट-तपकिरी होतो. वर्षानुवर्षं खिडकीत राहूनही पोपटी राहणाऱ्या बाटलीत बहुधा कृत्रिम रंग असतो.