साजाची खोली: खण, चुडा आणि टिकलीसाठी जागा

हॉटेलात साजशृंगाराची खोली करायची म्हटलं की भिंतीवर पाच फुटी नथ चढते आणि आरसा बाथरूममधला तेवढाच राहतो. आधी नटायची जागा करा, नथीचं नंतर बघू.

लग्नाला आलेल्या बाईला नऊवारी, म्हणजे सव्वाआठ मीटर लुगडं, याच खोलीत नेसायचं असतं. आरशापुढे 6 बाय 6 फूट जमीन मोकळी ठेवा. गालिचा नको, पाय अडकतो. आरसा 5 फूट उंच, खालची कड जमिनीपासून फूटभर. दिवे आरशाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या पातळीला, 4000 केल्विनचे (ना पिवळे, ना निळसर), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या वर. छतावरच्या एकट्या दिव्याने डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि पिवळ्या उजेडात मोतिया नि पांढरा रंग सारखेच दिसतात.

पलंगाच्या पाठीला खण लावा. पैठणी नको, डोक्याचं तेल रेशमात मुरतं. खणाची शोभा काठात, आणि नेमका तोच सुतार फळीमागे दुमडतो. म्हणून आधी खणाचा पन्हा मोजा, मग तेवढ्याच रुंदीची 12 मिमी प्लायची फळी कापा. काठाच्या बाहेर 3 इंची मांजरपाटाची पट्टी शिवा. मागे वळवून पिना मारायच्या त्या पट्टीला. फळी आणि कापडामध्ये 25 मिमी फोम. 6 फुटी पलंगाला अशा दोन-तीन फळ्या शेजारी-शेजारी बसतात.

चुड्याचा दिवा, म्हणजे बांगड्या चढवलेली उजळती नळी, सोपा आहे, फसतो तो मापात. 2.4 ची बांगडी म्हणजे 2 इंच आणि 4 सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच, 57 मिमी. दशांश समजून 60 मिमीची नळी आणली तर बांगडी चढतच नाही. 50 मिमीची दुधी अ‍ॅक्रिलिक नळी घ्या, आत एलईडी पट्टी, बाहेर चार डझन हिरव्या काचेच्या बांगड्या. दर डझनानंतर रबरी चकती घाला, नाहीतर दार आपटलं की काच काचेवर आपटते. दोन डझन जास्तीच्या आत्ताच घेऊन ठेवा. एखादी वाढली (बांगडी फुटली म्हणायचं नसतं) तर पुढच्या लॉटचा हिरवा जुळत नाही.

चादरीवर खऱ्या मोगऱ्याची नक्षी काढू नका, चुरगळलेली फुलं तपकिरी डाग पाडतात. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो. घाबरू नका, धुऊन कडक उन्हात घाला, फिकटतो.

आणि टिकली. रात्री ती आरशावरच चिकटणार, पाटी लावून कोणी ऐकत नाही. आरशाच्या चौकटीला हाताच्या उंचीवर टिकल्या चिकटवायला तळहाताएवढी काळ्या काचेची फळी बसवा. रोज सकाळी खोबरेल तेलाचा बोळा फिरवला की डिंक निघतो.